आराखडा स्टुलापासून सुरू करा

वाचकाचं पत्र

आमचं चपला-बुटांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघते. समोर एका मोठ्या साखळीचं चकाचक दुकान आलं आणि आमच्याकडची वर्दळ कमी झाली. म्हणून एका इंटिरिअर डिझायनरला बोलावलं. त्याने थ्रीडी चित्रं करून दिली: दर्शनी भागात मोठा एलईडी स्क्रीन, आत सेल्फीसाठी सजवलेली भिंत, 'स्मार्ट' आरसा, गिऱ्हाइकाने स्वतःच बिल करायचं यंत्र, सुगंध सोडणारं मशीन. बसायच्या जागा कमी करून रॅक वाढवायचे असं तो म्हणतो. चार सेल्समनची गरज नाही, दोघांत भागेल, असंही. या सगळ्यासाठी कर्ज काढावं लागेल. वडील म्हणतात, रंग दे आणि गप्प बस. इकडे लोक येतात, दोन-तीन जोड घालून बघतात, फोटो काढतात आणि निघून जातात. ऑनलाइन घेत असणार. मला मागे पडायचं नाही, पण कर्जाच्या पैशात चूकही परवडणार नाही. काय करू? आणि काम काढलंच तर दुकान किती दिवस बंद ठेवायचं?

उत्तर

ताई,

पत्र वाचलं आणि सोबतची चित्रंही नीट बघितली. चित्रं देखणी आहेत. पण सगळी मिळून त्यांत एकही माणूस बूट घालून बघत नाहीये. कोणी स्क्रीनकडे बघतंय, कोणी भिंतीपुढे उभं आहे, कोणी पिशव्या घेऊन बाहेर पडतंय. गिऱ्हाईक बसलंय, एक पाय नव्या बुटात आहे, ते उठतं, चार पावलं टाकतं आणि "हा द्या" किंवा "नको" म्हणतं. तुमचा सगळा धंदा ज्या दोन मिनिटांत ठरतो, ती दोन मिनिटं चित्रांतून गायब आहेत.

तेव्हा आधी निर्णय सांगते, मग कारणं. कर्ज आत्ता काढू नका. डिझायनरलाही काढून टाकू नका, त्याचा हात चांगला आहे. त्याला एवढंच सांगा की आराखडा रस्त्याकडून आत न आणता आतून रस्त्याकडे न्यायचा. सुरुवात त्या स्टुलापासून करायची, जिथे बसून लोक बूट घालतात. स्टूल कुठे, त्याच्या आजूबाजूला काय हवं, तिथवर गिऱ्हाईक कसं पोचेल, माळ्यावरून जोड तिथे किती वेळात येईल, हे आधी ठरू द्या. स्क्रीनचा विषय सगळ्यात शेवटी.

स्टुलाला इतकं महत्त्व का, तर ऑनलाइन विक्रीला नेमकं तेवढंच जमत नाही. फोटो, किंमत, रंग, इतरांचे अभिप्राय हे सगळं फोनवर तुमच्या दुकानापेक्षा जास्त मिळतं. पाय बुटात घालायची सोय मात्र फोनवर नाही. त्यासाठी माणूस घरातून निघून, गाडी लावून तुमच्याकडे येतो. आणि आपण त्याला काय देतो? एक बुटकं, डगमगतं स्टूल, पाठीमागे रॅक, पुढे दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पाय, पिशवी ठेवायला जागा नाही. सेल्समन माळ्यावर गेलेला असतो, गिऱ्हाईक एका पायात मोजा आणि एका पायात काहीच नाही अशा अवस्थेत ताटकळतं आणि कंटाळून फोन काढतं. तुमचं दुकान मी पाहिलेलं नाही, पण चपला-बुटांची बहुतेक दुकानं अशीच चालतात. डिझायनर आता तीही जागा कमी करायला निघाला आहे. ती वाढवायची आहे.

बसायची जागा म्हणजे सोफा नव्हे. मऊ, खोल सोफ्यात बसून बूट चढवता येत नाही आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठताही येत नाही. बैठक साधारण खुर्चीच्या उंचीची आणि कडक हवी. निदान काही जागांना तरी उठताना धरायला हात हवेत. शेजारी पिशवी, पर्स, छत्री ठेवायला फळी. सोबत आलेल्या माणसाला बसायला वेगळी जागा. हे फार महत्त्वाचं आहे. सोबतचा माणूस उभा राहून कंटाळला की "चल, नंतर बघू" म्हणतो, आणि विक्री तिथेच संपते. लांब दांड्याचा शूहॉर्न, म्हणजे टाचेमागे सरकवून बूट चढवायची पट्टी, प्रत्येक बैठकीजवळ टांगलेला असावा, म्हणजे वाकता न येणाऱ्याला मदत मागावी लागत नाही. पायाच्या उंचीवर थोडा मागे कललेला छोटा आरसा, आणि जवळच एक पूर्ण उंचीचा आरसा. कारण बूट नुसता पायात कसा दिसतो याने भागत नाही, तो कपड्यांवर कसा दिसतो हेही बघायचं असतं. आणि चालून बघायला मोकळी पट्टी, तीसुद्धा कडक फरशीची. सगळीकडे गालिचा टाकला की प्रत्येक बूट मऊ वाटतो आणि घरी गेल्यावर तक्रार सुरू होते. जमलं तर पट्टीच्या टोकाला छोटा चढ करून घ्या. उतरताना बोटं पुढे आदळतात का हे तिथे लगेच कळतं.

बैठकीच्या पाठीमागून लोकांची ये-जा नको. पॅको अंडरहिल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने दुकानांत कॅमेरे लावून, गिऱ्हाइकांच्या मागे राहून, ती नेमकं काय करतात याच्या नोंदी ठेवायचं काम आयुष्यभर केलं. न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्स या मोठ्या दुकानात दाराजवळ टायचा एक रॅक होता. लोक टाय बघायला थांबायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मागून एक-दोनदा धक्के लागले की टाय सोडून पुढे जायचे. मालात काही खोट नव्हती, जागा चुकली होती. वाकून बूट घालणाऱ्या माणसाला मागून धक्का लागणं तर त्याहून वाईट. अंडरहिलचं दुसरं निरीक्षणही तुमच्या कामाचं आहे: दारातून आत आल्यावर पहिली काही पावलं माणूस अजून बाहेरच्याच तंद्रीत असतो, उजेड बदलतो, वेग कमी होतो, डोळे जुळवून घेतात. त्या पट्ट्यात मांडलेलं, लिहिलेलं बरंचसं नजरेतून निसटतं. तुमच्या चित्रांत नवा माल नेमका तिथेच ठासून भरलाय. तो थोडा आत सरकवा आणि दाराजवळ मोकळं राहू द्या.

मोकळी जागा ठेवताना चाकाच्या खुर्चीचं माप धरा. अमेरिकेच्या प्रवेशयोग्यतेच्या मानकांत वाटेची किमान रुंदी सुमारे ९१ सेंटिमीटर आणि खुर्ची पूर्ण वळवायला सुमारे १५२ सेंटिमीटर व्यासाची जागा सांगितली आहे. तुमच्या ठिकाणचा नियम डिझायनरला विचारा. हे माप पाळलं तर बाबागाडी, काठी, दोन्ही हातांत पिशव्या, सगळ्यांचीच सोय होते. दारातली एकुलती एक पायरी उतरणीत बदलायचा खर्च त्या सेल्फी-भिंतीपेक्षा कमीच येईल.

आता मापाकडे येते. बुटांच्या दुकानात लोक सल्ला मागतात तो मुख्यतः "मला कुठला नंबर बसेल" याचा. ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, पावणेसात मिलिमीटरच्या आतबाहेर. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर नेमक्या बसत नाहीत, म्हणून खोक्यावरचं रूपांतर नेहमीच थोडं अंदाजाचं असतं. त्यात प्रत्येक कंपनीचा फर्मा, म्हणजे ज्या साच्यावर बूट चढवतात तो, वेगळा. एकाच्या आठ नंबरात पाय सैल, दुसऱ्याच्या आठात करंगळी चेपते. हे तुमच्या सेल्समनना पाठ असतं. "ही कंपनी अर्धा नंबर वर घ्या" हे वाक्य फोनवरच्या तक्त्यात मिळत नाही. ती माहिती त्यांच्या डोक्यातून काढून कार्डावर लिहा, आणि ते कार्ड प्रत्येक कंपनीच्या फळीवर लावा. माझ्या मते तुमच्या पूर्ण नूतनीकरणात याच्याइतकी स्वस्त आणि उपयोगी दुसरी गोष्ट नाही.

पाय प्रत्यक्ष मोजायची पद्धत परत सुरू करा. चार्ल्स ब्रॅनॉक हा बुटांच्या दुकानदाराचा मुलगा. त्याने १९२०च्या दशकात पाय मोजायचं धातूचं जे साधन बनवलं, ते लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर अशी तिन्ही मापं एका वेळी दाखवतं. आजही ते वापरात आहे आणि त्याला वीज लागत नाही. दोन्ही पाय मोजायचे, उभं राहून. कारण अनेकांचा एक पाय किंचित मोठा असतो आणि वजन पडलं की पाऊल पसरतं. बूट मोठ्या पायाला बसला पाहिजे. दिवसभर चालून-उभं राहून संध्याकाळी पाय थोडे सुजतात हेही सेल्समनने सांगावं. इतकी काळजी घेतली गेली की गिऱ्हाइकाला दुकान लक्षात राहतं.

पावलाचं थ्रीडी चित्र काढणारी स्कॅनर यंत्रं आता बुटांच्या दुकानांत दिसतात, आणि २०१९मध्ये नायकेने फोनच्या कॅमेऱ्याने पाय मोजायची सोय आणली होती. तुमच्या यादीतल्या स्मार्ट आरशापेक्षा मला हा स्कॅनर जवळचा वाटतो, कारण तो गिऱ्हाइकाच्या खऱ्या प्रश्नाला हात घालतो. तरी तो पहिल्या वर्षी नको. यंत्र पाय सांगतं, फर्मा सांगत नाही. दोन्ही जुळवणारा माणूस तयार नसेल तर स्कॅनर शोभेचा ठरतो.

तुमच्या धंद्यात हे एकदा घडून गेलंय. १९२०च्या दशकापासून अमेरिका, ब्रिटन आणि इतर देशांतल्या बुटांच्या दुकानांत क्ष-किरणांचं एक उभं लाकडी कपाट असायचं. नवा बूट घालून पाय खालच्या खाचेत सरकवायचा आणि वरच्या झरोक्यांतून बघायचं. बुटाच्या आत आपल्याच बोटांची हाडं दिसायची. मुलाला एक झरोका, पालकाला एक, विक्रेत्याला एक. मुलांना त्याचं केवढं आकर्षण होतं! आजच्या भाषेत तो उत्तम 'अनुभव' होता. माप घेण्यात मात्र त्याने फारशी भर घातली नाही. हाडं आणि बुटाची कड दिसली तरी कुठे दाबतंय, कुठे घासतंय हे पायालाच विचारावं लागे. वर मुलांना, आणि त्याहून जास्त रोज तिथे उभ्या असलेल्या विक्रेत्यांना, किरणोत्सर्गाचा धोका. १९५७मध्ये पेनसिल्व्हेनियाने त्यावर बंदी घातली आणि हळूहळू ती यंत्रं सगळीकडून गेली. दुकानासाठी कोणी नवं यंत्र विकायला आलं की त्याला विचारा: हे नसताना गिऱ्हाइकाला जे कळत नव्हतं, असं काय याने कळेल?

पुढचा मुद्दा माळ्याचा, आणि इथे पैसे खर्च करायला हरकत नाही. सेल्समन माळ्यावर जातो, हवा तो नंबर सापडत नाही, खाली येतो, दुसरा रंग विचारतो, परत वर जातो. प्रत्येक फेरीला गिऱ्हाइकाचा उत्साह उतरत जातो. जास्त खपणारे नंबर खालीच, बैठकीच्या पाठीमागच्या बंद कपाटांत ठेवा. वर फक्त क्वचित लागणारा माल. खोक्यांची मांडणी कंपनीनुसार आणि त्यात नंबरानुसार, एकाच दिशेने. आणि स्टॉक फोनवर दिसू द्या, म्हणजे "बघून येतो" ऐवजी "आठ नंबर काळ्यात आहे, तपकिरी दोन दिवसांत येईल" असं जागेवरच सांगता येईल. घरी पोचवायची तयारी असेल तर नसलेल्या नंबराचे पैसेही तिथेच घेता येतात. मोठ्या साखळ्या सध्या दुकान आणि ऑनलाइन एकत्र आणायच्या ज्या गोष्टी करतात, त्यांतलं तुमच्या उपयोगाचं एवढंच. ते साध्या सॉफ्टवेअरने होतं, भिंती पाडाव्या लागत नाहीत.

फोटो काढून जाणाऱ्यांविषयी तुम्ही थोडं कडवटपणे लिहिलंय, आणि ते मला समजतं. तासभर राबून गिऱ्हाईक रिकामं गेलं की जिवाला लागतंच. पण फोटो काढणारा प्रत्येक जण ऑनलाइनच घेणार असं धरून चालू नका. कोणी घरी विचारायला पाठवतं, कोणाला दोनांतलं एक ठरवायचं असतं. त्याला अडवलं, "फोटो काढू नका" अशी पाटी लावली, तर तो नक्कीच तुमच्याकडे परत येणार नाही. त्यापेक्षा सेल्समनने कंपनी, मॉडेल आणि गिऱ्हाइकाचं मोजलेलं माप असलेलं कार्ड हातात द्यावं, वर दुकानाचा नंबर. माप तुमच्याकडे नोंदलेलं राहिलं की पुढच्या वेळी फोनवरूनही ऑर्डर येऊ शकते.

आणि अशी एक सोय द्या की ऑनलाइन घेतलेल्या माणसालाही तुमच्या दारात यावं लागेल. नॉर्डस्ट्रॉम या अमेरिकन कंपनीने २०१७मध्ये लॉस एंजेलिसला 'लोकल' नावाचं छोटं दुकान उघडलं, ज्यात विक्रीचा माल ठेवलेलाच नव्हता. मागवलेलं घ्यायचं, नको ते परत करायचं, कपडे अंगाबरोबर बेतून घ्यायचे, एवढ्यासाठी ते होतं. युनिक्लो या जपानी कपड्यांच्या कंपनीने अनेक देशांतल्या दुकानांत कपडे दुरुस्त करून देणारे कोपरे केले आहेत. दुरुस्तीचा हा कल मला मनापासून आवडतो, आणि तो तुमच्या धंद्याला तर अगदी शोभतो. बूट थोडा सैल करून देणं, सुटलेला सोल चिकटवणं, टाच बदलणं, पॉलिश, नवी नाडी, आतलं नवं सोल बसवून देणं. कारागीर ठरलेल्या दिवशी येऊन बसला तरी चालेल. सेल्फी-भिंतीची जागा त्याला द्या. ती कोपऱ्यात लपवू नका, दर्शनी काचेमागे ठेवा. हातांनी चाललेलं काम बघायला रस्त्यावरची माणसं थांबतात.

आता दोन सेल्समन कमी करायचा प्रश्न. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. स्वतः बिल करायची यंत्रं सुपरमार्केटमध्ये आली, कारण तिथे गिऱ्हाईक सगळा माल स्वतः उचलतं आणि शेवटी रांग लागते. तुमच्याकडे माणसाशिवाय जोड खालीच येत नाही. मग वाचवायचं काय? आणि ज्यांनी ही यंत्रं मोठ्या प्रमाणावर लावली, त्यांच्यातले काही आता मागे सरकताहेत. ब्रिटनमधल्या बूथ्स या सुपरमार्केट साखळीने २०२३मध्ये आपल्या बहुतेक दुकानांतून ती काढायचं जाहीर केलं. अमेरिकेतल्या टार्गेट साखळीने २०२४मध्ये बहुतेक दुकानांत तिथे १० पर्यंतच वस्तू न्यायची मर्यादा घातली. गल्ल्यावर न थांबता माल उचलून थेट बाहेर पडायची ॲमेझॉनची पद्धत खूप गाजली होती. २०२४मध्येच कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या 'फ्रेश' सुपरमार्केटमधून ती काढायचं ठरवलं. उलट नेदरलँड्समधल्या युम्बो साखळीने २०१९मध्ये एक काउंटर असं सुरू केलं, जिथे घाई नसलेल्या, बोलायची इच्छा असलेल्या गिऱ्हाइकांनी मुद्दाम सावकाश यायचं. एकटी राहणारी म्हातारी माणसं डोळ्यांपुढे ठेवून सुरू केलेली ती कल्पना लोकांना इतकी रुचली की तशी आणखी अनेक काउंटर उघडायचं कंपनीने ठरवलं.

बिलाच्या वेळची गर्दी खरंच त्रासाची असेल तर सेल्समनच्या हातातल्या फोनवर बिल करून तिथेच पैसे घ्या. अ‍ॅपलच्या दुकानांत असंच चालतं. त्याने गल्ल्याची जागा लहान होईल, ती बैठकीला मिळेल, आणि ज्याने जोड दाखवला त्याच्याच हातून व्यवहार पूर्ण होईल. कर्जाचा जो हप्ता वाचेल त्यातला छोटा हिस्सा या चौघांना पाय मोजायचं, मालाची माहिती द्यायचं नीट शिक्षण देण्यावर खर्च झाला तर मला जास्त आनंद होईल. त्यांतले दोघे घरी गेले तर ते मनात साठवलेलं सगळं ज्ञान घेऊन जातील, कदाचित समोरच्या दुकानात.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. सुगंधाचं मशीन नको. चामडं, रबर, चिकटद्रव्य यांचा वास अत्तराने जात नाही, त्यात मिसळतो. हवा खेळती करा, पंखा बाहेर हवा फेकेल असा लावा. काहींना कृत्रिम वासाने डोकं दुखतं, त्यांना तुम्ही दारातूनच परत पाठवाल. संगीताचं म्हणाल तर रोनाल्ड मिलिमन यांनी १९८२मध्ये सुपरमार्केटमधल्या प्रयोगात दाखवलं होतं की संथ संगीत चालू असताना लोक सावकाश चालतात आणि विक्री वाढते. पण तुमच्याकडे गिऱ्हाईक बसलेलं असतं आणि "इथे दाबतंय" हे त्याचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू येणं जास्त गरजेचं आहे. आवाज त्या हिशेबाने ठेवा.

उजेडात मात्र कंजूषी करू नका. पिवळट किंवा निळसर झाक असलेल्या स्वस्त दिव्याखाली काळा आणि गडद निळा यांतला फरक कळत नाही, तपकिरीच्या छटा एकसारख्या दिसतात, आणि मग रंगावरून माल परत येतो. दिव्याच्या खोक्यावर 'सीआरआय' असा आकडा असतो, रंग किती खरे दिसतील याचा; तो जास्तीत जास्त १०० असतो. ९०च्या वरचे दिवे घ्या, ३००० ते ४००० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेड किती पिवळसर किंवा निळसर याचं माप). उजेड रॅकवर आणि बैठकीजवळ जमिनीवर पडू द्या. तुमच्या चित्रांत सगळे दिवे फॉल्स सीलिंग उजळवताहेत आणि पाय सावलीत आहेत.

एलईडी स्क्रीनबद्दल एवढं सांगते की हलत्या चित्रांची स्पर्धा तुम्ही समोरच्या साखळीशी करूच नका. रोज नवा मजकूर बनवायला त्यांच्याकडे माणसं आहेत. शिवाय भगभगाट कमी करण्याकडेही आता दुकानं वळताहेत. वॉलमार्टने २०२३च्या नोव्हेंबरपासून अमेरिकेत रोज सकाळी ८ ते १० या वेळेत संगीत बंद, दिवे शक्य तिथे मंद आणि टीव्हींवर स्थिर चित्र अशी व्यवस्था केली, ज्यांना गोंगाट आणि लखलखाट सोसत नाही त्यांच्यासाठी. तुमचं दुकान मुळात शांत असणार. ते शांतच राहू द्या.

हे सगळं एकदम करू नका. रॉन जॉन्सन हे नाव डिझायनरला ठाऊक असेल. अ‍ॅपलची दुकानं घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. २०११मध्ये ते जेसीपेनी या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरचे प्रमुख झाले आणि तिथेही सगळं बदलायला घेतलं: कूपनं आणि सेल बंद, दुकानात छोटी-छोटी वेगळी दुकानं. आधी मोजक्या ठिकाणी करून बघितलं नाही. २०१२मध्ये विक्री जवळजवळ एक चतुर्थांशाने घसरली आणि २०१३च्या एप्रिलमध्ये त्यांना जावं लागलं. माणूस कर्तबगार होता, कल्पनाही वाईट नव्हत्या. पण जेसीपेनीचं गिऱ्हाईक तिथे कशासाठी येतं हे समजून घ्यायच्या आधीच बदल झाले.

तुम्ही ते आधी समजून घ्या. दोन-तीन आठवडे एक वही ठेवा. किती माणसं आत आली, किती बसली, किती जणांनी घालून पाहिलं, किती जणांनी घेतलं. आणि घेतलं नाही तर का: नंबर नव्हता, रंग नव्हता, किंमत, वाट बघायला लागली, सोबतचा माणूस कंटाळला. कारण कळलं नाही तर "माहीत नाही" असं लिहा, अंदाज लिहू नका. गर्दीच्या आणि निवांत अशा दोन्ही वेळा घ्या. माझा अंदाज आहे की "नंबर नव्हता" आणि "वाट बघायला लागली" या दोन कारणांखाली सगळ्यात जास्त रेघा ओढलेल्या दिसतील. तसं निघालं तर माळा आणि बैठक आधी. माणसं आतच येत नाहीत असं निघालं तर दर्शनी भाग आधी, आणि मी वर लिहिलेल्या क्रमाला चिकटून बसू नका.

वहीचं काम वडिलांना द्या. ते बदलाला विरोध करताहेत असं तुम्हाला वाटतं, पण "रंग दे आणि गप्प बस" यात कर्जाची भीतीही असेल, आणि ती निराधार नाही. कोण गिऱ्हाईक नुसतं बघायला आलंय आणि कोण घेणारं आहे हे त्यांना चेहऱ्यावरून कळत असणार. नोंदी त्यांच्याइतक्या चांगल्या कोणी ठेवणार नाही. आणि आकडे त्यांच्याच हातचे असले की बदलाचं बोलणं तुम्हा दोघांत सोपं होईल.

दुकान बंद ठेवायचं विचारलंत. पूर्ण बंद ठेवू नका. काम दोन टप्प्यांत करून घ्या. आधी मागचा अर्धा भाग: बैठक, आरसे, चालायची पट्टी, खालची कपाटं, दिवे. तेवढे दिवस विक्री पुढच्या भागात चालू राहील. तो भाग झाल्यावर निदान दोन महिने थांबा, वही परत सुरू करा आणि आधीच्या नोंदींशी ताडून बघा. फरक दिसला तर दर्शनी भाग, उतरण आणि दुरुस्तीचा कोपरा यांचं काम काढा. डिझायनरला दोन टप्प्यांची वेगवेगळी अंदाजपत्रकं मागा, दुसरा टप्पा बंधनकारक नाही असं लेखी घ्या, आणि पहिल्याचा खर्च कर्जाशिवाय जमतो का ते बघा. मालाचे खोके हलवताना प्रत्येक कपाटाची यादी बाहेरून चिकटवा, नाहीतर कामाच्या दिवसांत कुठलाच जोड सापडणार नाही.